आबाजींची पलटण शोधताना: आधी नंबर, मग अर्ज

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या महाल भागातले एक गृहस्थ लिहितात: आबाजी दुसऱ्या महायुद्धात फौजेत होते. मूळ गाव भंडारा जिल्ह्यात. १९४६ मध्ये घरी परतले, पुढच्या वर्षी लग्न झालं, मग आयुष्यभर धानाची शेती केली. त्यांना जाऊन चाळीसेक वर्षं झाली. घरात गणवेशातला एक फोटो, दोन बिल्ले आणि 'ते बर्मात होते' एवढीच गोष्ट उरली आहे. कामठीला जाऊन आले तर 'इथे नोंद नाही' असं उत्तर मिळालं. आजी अजून आहेत, नव्वदीच्या पुढे. आता विचारणं असं की कागद कुठे मिळतील, आबाजी खरंच बर्मात होते का, आणि आजीला काही मिळू शकतं का.

माझी नोकरी रेकॉर्ड ऑफिसात गेली आणि निवृत्तीनंतर नागपुरात माजी सैनिकांच्या घरच्यांना अर्ज लिहून देण्याचं काम करतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर नेहमी येतो.

कामठीचं उत्तर बरोबर होतं. तिथे आज ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र आहे आणि ही रेजिमेंट १९४९ मध्ये, चार जुन्या पलटणी एकत्र आणून उभी राहिली. १९४२-४३ साली भरती झालेला भंडाऱ्याचा तरुण तिच्या रजिस्टरात असण्याचं कारण नाही, तो त्या चार पलटणींपैकी एखादीत असला तरच काही संबंध. पण आपल्याकडची माणसं पहिली चक्कर कामठीलाच मारतात. छावणी जवळची, आणि 'आबाजी कामठीला भरती झाले' हे लहानपणापासून ऐकलेलं. भरती तिथे झालीही असेल. मात्र भरतीच्या गावाशी कागदाचं काही देणंघेणं नसतं. फौजेत शिपायाचा कागद त्याच्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या (म्हणजे सप्लाय, मेडिकल अशा शाखेच्या) रेकॉर्ड ऑफिसात जातो, मग तो माणूस नागपूरचा असो की नांदेडचा.

म्हणून दोन गोष्टी हाताशी नसतील तर अर्ज लिहायला बसू नका: आर्मी नंबर आणि रेजिमेंट किंवा कोअरचं नाव. नुसतं नाव-गाव लिहून पाठवलेला अर्ज म्हणजे सीताबर्डीच्या गर्दीत 'अहो भाऊ' अशी हाक मारणं. नुसत्या नंबरानेही भागत नाही, कारण त्या काळी प्रत्येक रेजिमेंटची नंबरांची मालिका वेगळी होती आणि एकच आकडा दोन ठिकाणी दोन माणसांचा असू शकतो. दोन्ही जोडीने लागतात.

तुमच्या घरात हे दोन्ही बहुधा आहे, तुम्ही पाहिलेलं नाही इतकंच. ते दोन बिल्ले काढा. ब्रिटिश शिपायांना दुसऱ्या महायुद्धाची जी पदकं मिळाली त्यांवर नाव नसायचं. भारतीय फौजेला मिळालेल्या पदकांवर मात्र नाव ठोकून दिलेलं असतं. गोल पदक असेल तर कडेवर बघा, म्हणजे नाण्याची जाडी जिथे दिसते तिथे. सहा टोकांचा तारा असेल तर मागच्या सपाट बाजूला. बारीक इंग्रजी अक्षरं असतात: आधी नंबर, मग हुद्दा, मग नाव आणि शेवटी रेजिमेंटची आद्याक्षरं. झिजलेलं असेल तर दिवे घालवा, मोबाइलची बॅटरी बिल्ल्याला जवळजवळ टेकवून आडव्या कोनात धरा आणि बिल्ला हळूहळू फिरवा. कडेवर थोडी टाल्कम पावडर चोळून पुसली तर खाचांत पांढरी रेघ राहते आणि अक्षर उठतं. तेवढं पितांबरीने घासू नका. दर दिवाळीला देवाच्या भांड्यांबरोबर घासून लख्ख केलेले बिल्ले मी पाहिले आहेत. दिसतात सुंदर, पण नंबर गेलेला असतो.

नंबराच्या आधी अक्षरं असतील तर तीही जशीच्या तशी उतरवून घ्या. 'एमटीएन' असं असेल तर माणूस सप्लाय कोअरच्या मोटार वाहतुकीत होता, म्हणजे बहुधा ड्रायव्हर. हे मी मुद्दाम सांगतो, कारण 'लढाईत होते' म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यांसमोर बंदूक येते आणि ते थेट मराठा किंवा महार रेजिमेंटला पत्र लिहितात. त्या युद्धात भारतीय फौज पंचवीस लाखांपर्यंत वाढली. तिच्यातला मोठा हिस्सा ट्रक चालवणारा, रस्ते बांधणारा, दारूगोळा मोजणारा आणि जखमींना उचलणारा होता. विदर्भातलीही पुष्कळ पोरं सप्लाय, पायोनियर, ऑर्डनन्स आणि मेडिकलमध्ये गेली.

बिल्ल्यावर काहीच सापडलं नाही तर फोटो. टोपीवरचं किंवा खांद्यावरचं चिन्ह मोठं करून बघा. मराठा लाइट इन्फंट्रीचं बिगूल ओळखू येतं. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात उभी राहिली आणि तिची दुसरी पलटण १९४२ मध्ये आपल्या कामठीतच. तिच्या तेव्हाच्या चिन्हावर कोरेगावचा विजयस्तंभ होता. बाहीवर लाल गरुड दिसला तर चौथी डिव्हिजन, काळ्या चौकोनात लाल गोळा दिसला तर पाचवी. पण काळ्या-पांढऱ्या फोटोत रंगावर पैज लावू नये. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का असतो, तोही वाचा. आणि फोटो चौकटीतून काढताना मागच्या पुठ्ठ्याकडे लक्ष असू द्या. जुनी माणसं महत्त्वाचा कागद तिथेच सरकवून ठेवत, डिस्चार्ज सर्टिफिकेटसुद्धा, म्हणजे फौजेतून सुटल्याचा दाखला.

मग पत्र्याची पेटी. शिपाई बाहेर असताना घरी मनिऑर्डर यायची, तिचं कुपन एखाद्या वहीत असतं. फौजेतून आलेली पत्रं असतील तर त्यांवर गावाचं नाव सापडणार नाही, सेन्सॉर ते राहू देत नसे. त्याऐवजी फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर असतो. तो नंबर आणि तारीख मिळाली तर ते पोस्ट त्या महिन्यात कुठे होतं हे टपाल-तिकिटांचा नाद असलेली मंडळी सांगू शकतात. त्यांनी अशा याद्या जिवापाड जपल्या आहेत.

घरात खरोखर काहीच नसेल तर गावात जा. एका गावातली पोरं बऱ्याचदा एकाच दिवशी, एकाच भरतीवाल्याबरोबर गेलेली असतात. बरोबर गेलेल्या दुसऱ्या एखाद्याच्या घरी कागद असेल तर त्यावरची रेजिमेंट तुमचीही असण्याची शक्यता चांगली. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातून आबाजींचं आणि त्यांच्या वडिलांचं नाव तेव्हा कसं लिहिलं होतं तेही उतरवून आणा, पुढे लागेल. भंडाऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही चौकशी करा. गाव आता गोंदिया जिल्ह्यात गेलं असलं तरी तो जिल्हा १९९९ चा आहे, आबाजींचा पत्ता भंडाराच लागलेला असेल.

नंबर आणि रेजिमेंट किंवा कोअर कळली की कुठे लिहायचं हे सोपं आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगाव, महारचं मध्य प्रदेशातलं सागर. बॉम्बे सॅपर्स खडकीला, तोफखाना नाशिक रोडला, रणगाडे अहिल्यानगरला. ग्रेनेडियर्स आणि सिग्नल दोन्ही जबलपूरला, पण ऑफिसं वेगळी. ऑर्डनन्स आणि ईएमई (यंत्रं-गाड्या दुरुस्त करणारी कोअर) सिकंदराबादला, मेडिकल लखनौला, सप्लायची मोटार वाहतूक आणि पायोनियर बंगळूरला. हवाई दलासाठी दिल्लीत सुब्रोतो पार्क आणि नौदलाच्या खलाशांसाठी मुंबईत मानखुर्दचा चीता कॅम्प. एक अडचण मात्र खरी. फाळणीत रेजिमेंटही वाटल्या गेल्या. बलूच, फ्रंटियर फोर्स आणि पंजाबच्या बऱ्याच रेजिमेंट पाकिस्तानकडे गेल्या आणि त्यांचे कागदही तिकडेच. विदर्भातला माणूस त्यांत सापडणं विरळा.

पहिलं पत्र साधं लिहा, आरटीआय नको. हिंदीत किंवा इंग्रजीत, एका पानात: नंबर, हुद्दा, नाव, वडिलांचं नाव, गाव-तहसील-जिल्हा, भरतीचं आणि सुटण्याचं अंदाजे साल, तुमचं नातं. सोबत बिल्ल्याच्या कडेचा फोटो, मृत्यूच्या दाखल्याची प्रत आणि तुमचं ओळखपत्र. जिल्ह्याचं नाव जुनं लिहा आणि शेजारी नवं. चंद्रपूर तेव्हा चांदा होतं, गडचिरोली जिल्हा नव्हताच, आणि सगळा मुलूख मध्य प्रांत व वऱ्हाड. रजिस्टरात जिल्ह्यापुढे 'सीपी' लिहिलेलं असतं, महाराष्ट्र नव्हे.

आता ज्या उत्तराने बहुतेक लोक नाद सोडतात ते उत्तर: 'संबंधित सेवा-दस्तऐवज जतनाची मुदत संपल्यावर नष्ट करण्यात आले आहेत.' हे बहाणा म्हणून लिहिलेलं नसतं. युद्धासाठी घेतलेली बहुतेक माणसं १९४५-४७ मध्ये ग्रॅच्युइटी देऊन घरी पाठवली गेली. पेन्शनला लागणारी पंधरा वर्षं त्यांची भरलीच नव्हती. पेन्शन नसलेल्या माणसाचं शीट रोल, म्हणजे त्याच्या सेवेची मूळ फाइल, पंचवीस वर्षं ठेवून नष्ट करायची असा फौजेचा नियम आहे. तुमच्या आबाजींची फाइल त्या हिशोबाने १९७० च्या दशकात गेली असणार.

पण शीट रोल गेलं म्हणजे माणूसच कागदावरून पुसला गेला असं नाही. रेकॉर्ड ऑफिसात आणखी एक चीज असते, लाँग रोल. मोठ्या आकाराची बांधीव रजिस्टरं, भरती झालेल्या प्रत्येकाची नंबराच्या क्रमाने एक ओळ. नाव, वडील, गाव, भरतीची तारीख, सुटण्याची तारीख आणि सुटण्याचं कारण एवढं तिथे बहुतेक वेळा मिळतं. ही रजिस्टरं फाइलींबरोबर नष्ट करत नाहीत. पण साध्या भाषेत 'आजोबांचं रेकॉर्ड द्या' म्हटलं की कारकून फाइलच बघतो. ती नाही म्हणून नाही म्हणतो, आणि त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. दुसऱ्या पत्रात तुम्ही लाँग रोल हा शब्द वापरून मागा.

दुसऱ्या पत्रालाही तेच उत्तर आलं तर आरटीआय. इथे आपल्याकडे नेहमी होणारा घोळ म्हणजे लोक महाराष्ट्राच्या पोर्टलवर अर्ज करतात. फौज केंद्राची, म्हणून केंद्राच्या आरटीआय पोर्टलवर करा किंवा दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून टपालाने पाठवा. मजकूर साधारण असा ठेवा:

'आर्मी नंबर अमुक, हुद्दा अमुक, नाव अमुक यांच्या संदर्भात: एक, लाँग रोलमधील नोंदीची प्रमाणित प्रत द्यावी. दोन, पदकांच्या नोंदवहीत नोंद असल्यास तिची प्रत द्यावी. तीन, शीट रोल नष्ट केले असल्यास ते कोणत्या नियमान्वये व कोणत्या तारखेला, याच्या नोंदीची प्रत द्यावी. चार, माहिती अन्य कार्यालयाकडे असल्यास कलम ६(३) प्रमाणे अर्ज तिकडे वर्ग करावा.'

तिसरा मुद्दा भांडणासाठी नाही. नष्ट केल्याची नोंद शोधताना कधीकधी लक्षात येतं की त्या नंबरांचा गठ्ठा नष्ट झालेलाच नाही. 'ही व्यक्तिगत माहिती आहे' असं म्हणून नकार आला तर कलम ८(३) वर बोट ठेवा: वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती, मोजके अपवाद सोडले तर, नाकारता येत नाही. उत्तराला तीस दिवस, त्यानंतर पहिल्या अपिलाला तीस दिवस. अपील चिडून लिहू नका. ते वाचणारा अधिकारी बहुधा नुकताच बदलून आलेला असतो.

नावाच्या स्पेलिंगबद्दल थोडं लांबण लावतो, कारण अर्धे शोध इथेच अडकतात. भरतीच्या वेळी लिहून घेणारा कारकून मराठी असेलच असं नाही. पोरगा बोलला, त्याने ऐकलं तसं इंग्रजीत लिहिलं. एक 'जाधव' घ्या. शेवटी एव्ही, एओ किंवा नुसता ओ, मध्ये एच आहे किंवा नाही. वऱ्हाड-नागपूरकडे 'एओ'ची चाल जास्त. मेश्राममधला एच गळतो, रामटेकेच्या शेवटी वाय लागतो, वाघमारेचा डब्ल्यू व्ही होतो. कुठे आडनावच नाही, 'तुकाराम गणपत' एवढंच, म्हणजे नाव आणि बापाचं नाव. ऑनलाइन शोधताना म्हणून आधी नुसतं पहिलं नाव आणि रेजिमेंट टाका, आडनाव नंतर.

हे ऑनलाइन शोधणं मुख्यतः कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर. पण तिथे फक्त मृतांची नावं आहेत, ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातली. तुमचे आबाजी परत आले, म्हणजे ते तिथे नसणार. तरीही मी साइट बघायला सांगतो, कारण गावातला जो परत आला नाही तो तिथे असतो, कधी बापाच्या नावासकट आणि 'नागपूर, इंडिया' अशा पत्त्यासकट. त्याची पलटण म्हणजे तुमच्यासाठी धागा. शौर्यपदक किंवा डिस्पॅचमध्ये (सेनापतीच्या अहवालात) उल्लेख असेल तर लंडन गॅझेट या ब्रिटिश सरकारी राजपत्राचे जुने अंक फुकट शोधता येतात, नंबरासह नाव छापलेलं असतं. ब्रिटिश वंशावळीच्या पैसे घेणाऱ्या साइटवर खर्च करू नका, साध्या भारतीय शिपायाचं तिथे फारसं काही नाही. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या सेवा-फाइली अधिकाऱ्यांच्या आहेत, शिपाई-नाईक-हवालदारांच्या नाहीत.

आता बर्मा. तुम्ही पाठवलेल्या बिल्ल्यांच्या फोटोतला तारा बर्मा स्टारच आहे, फितीवर मध्ये लाल पट्टा आणि दोन्हीकडे निळा-नारिंगी. पण बर्मा स्टार म्हणजे माणूस बर्मात गेलाच असं नाही. ११ डिसेंबर १९४१ ते २ सप्टेंबर १९४५ मध्ये बर्माच्या मोहिमेवर असलेल्यांना तो मिळाला, तसाच १९४२-४३ मध्ये बंगाल-आसामात नेमलेल्यांनाही. दिमापूरच्या डेपोत पोती उतरवणाराही त्याचा मानकरी. दुसरं, गोल पदक वॉर मेडल आहे, एका बाजूला राजाचं मुंडकं आणि दुसरीकडे दुतोंडी ड्रॅगनवर उभा सिंह. ते अठ्ठावीस दिवस सेवा केलेल्या सगळ्यांना मिळालं, त्यावरून जागा कळत नाही.

जागा कळते ती युनिटच्या वॉर डायरीतून. प्रत्येक युनिट रोजच्या हालचाली लिहायचं: आज कुठे, किती मैल, कोण जखमी, पाऊस किती. आग्नेय आशियातल्या युनिटांच्या डायऱ्या लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये डब्ल्यूओ १७२ या मालिकेत आहेत, मध्यपूर्वेच्या १६९ मध्ये आणि इटलीच्या १७० मध्ये. दिल्लीत संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडेही डायऱ्या आहेत. क्यूला वाचक-कार्ड काढलं की स्वतःच्या कॅमेऱ्याने फोटो काढायला पैसे पडत नाहीत, तेव्हा तिकडे शिकणारा एखादा भाचा-पुतण्या असेल तर त्याला कामाला लावा. डायरीत आबाजींचं नाव मिळेल अशी आशा धरू नका, शिपायाचं नाव क्वचितच येतं. पण १९४४ च्या मार्चमध्ये त्यांची कंपनी इंफाळच्या वाटेवर होती की मागे रेल्वेहेडला, हे तारखेवारीने कळतं. त्यासाठी मात्र नुसती कोअर पुरत नाही, कंपनी किंवा बटालियनचा नंबर लागतो. तो बहुधा डिस्चार्ज सर्टिफिकेटवर असतो, म्हणून तर आधी त्या फोटोमागचा पुठ्ठा काढायला सांगितलं.

काही घरांत 'आबाजी नेताजींच्या फौजेत गेले' असंही सांगतात. तुमच्याकडे तसं नाही, पण वाचणाऱ्या दुसऱ्या कुणासाठी: १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं तेव्हा कैद झालेल्यांतून आझाद हिंद सेनेत माणसं गेली. आधी त्यांची मूळ पलटण मलाया-सिंगापूरला होती का ते ताडून पाहा. मग दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात शोधा. १९९७ मध्ये संरक्षण मंत्रालयाकडून आलेल्या आझाद हिंदच्या ९९० फाइली तिथे आहेत, आणि अभिलेख पटल या पोर्टलवर घरबसल्या सूची बघता येते. स्वातंत्र्यसैनिक म्हणून पेन्शन घेतली असेल तर ती फाइल आणखी उपयोगी, कारण तिच्यासाठी त्यांना स्वतःचा सगळा प्रवास लिहून द्यावा लागला असणार.

आजींचा प्रश्न शेवटी घेतोय, पण काम करताना तो आधी करा. बाकीचा शोध वर्षभर चालला तरी चालेल. महाराष्ट्र शासन दुसऱ्या महायुद्धातल्या, पेन्शन न मिळालेल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना दरमहा आर्थिक मदत देतं. ती फौजेची पेन्शन नव्हे, राज्याची मदत आहे, आणि तिचं काम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून होतं. आजी नागपुरात राहत असतील तर नागपूरच्या कार्यालयात जा. डिस्चार्ज सर्टिफिकेट नसेल तर लाँग रोलच्या नोंदीची प्रमाणित प्रत दाखवून चालेल का ते तिथे लेखी विचारून घ्या. लेखी, कारण टेबलावरचा माणूस बदलला की तोंडी उत्तरही बदलतं.

तुमच्या बाबतीत एक गाठ आहे, ती आत्ताच सांगतो. लग्न सुटून आल्यानंतरचं, म्हणजे फौजेच्या कुठल्याही कागदावर आजींचं नाव असणार नाही. तिथे जवळचा वारस म्हणून आबाजींच्या आईचं किंवा वडिलांचं नाव सापडेल. तेव्हा आजी त्यांच्या पत्नी आहेत हे तुम्हाला गावच्या कागदांवरून जोडावं लागेल: जुनं रेशनकार्ड, मतदार यादी, आबाजींच्या मृत्यूनंतर सातबाऱ्यावर वारस म्हणून चढलेलं आजींचं नाव आणि त्या फेरफाराची नक्कल. फेरफाराची नक्कल सगळ्यात भक्कम, ती तहसीलमधून आधी काढून आणा. आणि बिल्ल्यावरचं नाव, फेरफारातलं नाव आणि आधारवरचं नाव यांत फरक निघणारच, तेव्हा 'ही तिन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र त्याच फेरीत करून घ्या.